साथीच्या काळातील व्यक्तिस्वातंत्र्य आणि सार्वजनिक जबाबदारी : उंडेरा गावाचा धडा

प्रास्ताविक

साथीचा रोग हा केवळ वैद्यकशास्त्राचा विषय नव्हे. तो नागरिकशास्त्राचाही विषय आहे. एरवी कोणाच्या घराचा उंबरठा ओलांडावयाचा तर अधिकाऱ्यालाही कायद्याचा स्पष्ट आधार लागतो. साथीच्या दिवसांत मात्र आरोग्यसेवक, आशा कार्यकर्ती, शिक्षक, तलाठी, पोलीस पाटील असे सारेजण दार ठोठावून विचारू लागतात : घरात कोणास ताप आहे काय? बाहेरगावाहून कोणी आले आहे काय? उत्तर देणाऱ्याच्या मनात त्याच क्षणी दुसरा प्रश्न उभा राहतो : हे विचारण्याचा यांना अधिकार काय, आणि खरे सांगितले तर माझे काय होईल?

२०२० व २०२१ या दोन वर्षांत आपल्यापैकी बहुतेकांनी हा प्रसंग अनुभवला आहे. काहींनी दाराबाहेर उभे राहून, तर काहींनी दाराआड उभे राहून. जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ संबंधीची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपल्याचे जाहीर केले. आता त्या काळाकडे शांतपणे पाहता येते. पुढील साथ केव्हा येईल हे सांगता येत नसले, तरी ती आल्यावर विचार करावयास सवड मिळणार नाही, हे निश्चित आहे. म्हणून तो विचार आधीच करून ठेवणे इष्ट होय. प्रस्तुत लेखात हा विचार एका जुन्या, पण आपल्या परिचयाच्या भूमीतील उदाहरणाच्या आधारे मांडला आहे. ते उदाहरण म्हणजे १८९८ सालच्या प्लेगमध्ये वडोदरा संस्थानातील उंडेरा या गावी घडलेली घटना.

प्रश्नाचे स्वरूप

व्यक्तीच्या वर्तनाने दुसऱ्यास इजा पोहोचत असेल तरच समाजाने तिच्या स्वातंत्र्यात हस्तक्षेप करावा, हे तत्त्व जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ साली मांडले आणि आपल्याकडील सुधारकांच्या पिढीनेही त्याचा अभ्यास केला. हे तत्त्व वाचताना सोपे वाटते. मधुमेह किंवा संधिवात झालेल्या माणसाने औषध घेतले नाही, तर हानी मुख्यतः त्याची स्वतःची होते. तेथे समजूत घालण्यापलीकडे समाजास फारसा अधिकार पोहोचत नाही. संसर्गजन्य रोगात मात्र एकाचा श्वास दुसऱ्याचा रोग होऊ शकतो. त्यातही कोविड-१९ चा विषाणू लक्षणे दिसू लागण्यापूर्वीच दुसऱ्याकडे जाऊ शकत होता. म्हणजे आपण धडधाकट आहोत असे प्रामाणिकपणे मानणारा मनुष्यही नकळत दुसऱ्यास इजा करू शकत होता. येथे हेतू शुद्ध असूनही हानी घडते, आणि ही हानी कोणी कोणाची केली हेही दाखवून देता येत नाही.

यावरून काहीजण असा निष्कर्ष काढतात की, साथीत व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्नच उरत नाही. सरकारने सांगावे व लोकांनी ऐकावे. दुसरे काहीजण म्हणतात की, माझ्या देहासंबंधीचा निर्णय सर्वस्वी माझा आहे. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. ती कशी, हे पाहण्यासाठी सव्वाशे वर्षांमागे जावे लागेल.

पुण्याचा अनुभव : १८९७

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. गाठीचा ताप, ग्रंथिक सन्निपात अशा नावांनी महाराष्ट्रात आणि मरकी या नावाने गुजरातेत हा रोग घरोघर भयाचा विषय झाला. त्यास आळा घालण्यासाठी ब्रिटिश सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीचे रोग अधिनियम संमत केला. चारच कलमांच्या या कायद्याने शासनास अतिशय व्यापक अधिकार दिले, आज्ञाभंगास शिक्षा ठेवली आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यास संरक्षण दिले. ज्याच्यावर निर्बंध घालावयाचे त्या नागरिकास शासनाने काय द्यावे, याविषयी मात्र तो मुग्ध होता.

पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांनी घरोघरच्या झडतीसाठी गोऱ्या शिपायांचा उपयोग केला. देवघरे व स्वयंपाकघरे तपासली गेली, सामानाची नासधूस झाली, स्त्रियांच्या तपासणीत मर्यादा पाळली जात नाही अशा तक्रारी झाल्या. परिणाम उलटाच झाला. लोक रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मदनपुऱ्यात रोगी नेण्यावरून दंगल उसळली. त्यानंतर सरकारला आपले धोरण सौम्य करावे लागले.

या प्रकरणाची राजकीय बाजू सर्वांस ठाऊक आहे. अभ्यासकांनी त्याची एक शास्त्रीय बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे ओळखला गेला होता. परंतु तो उंदरांवरील पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी मांडले ते १८९८ मध्ये, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. गाठीचा प्लेग माणसापासून माणसाला सहसा थेट लागत नाही. फुप्फुसाचा प्लेग लागतो. म्हणजे १८९७ मध्ये माणसांवर जी सक्ती झाली, तिच्यातील बराच भाग चुकीच्या ठिकाणी खर्च झाला होता. अधिकाऱ्यांचा हेतू रोग थांबवण्याचा असेलही; पण त्यांचे ज्ञान अपुरे होते आणि सक्ती मात्र पुरेपूर होती. ज्ञान जितके अपुरे तितकी सक्ती सावध असावी, हा पुण्याचा पहिला धडा होय.

त्याच पुण्यात दुसरेही दृश्य दिसले. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तेथे आणीत. एका आजारी मुलास उचलून आणताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांना कोणत्याही कायद्याने तेथे बोलावले नव्हते. सार्वजनिक जबाबदारीचे सर्वांत मोठे रूप सक्तीतून निर्माण होत नाही, हे या घटनेवरून दिसते.

उंडेरा येथील प्रयोग : १८९८

रशियन साम्राज्यात जन्मलेले वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगवरील लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवरही ती वापरली गेली. परंतु तुरुंग म्हणजे गाव नव्हे. खुल्या वस्तीत लस कितपत उपयोगी पडते, याचा निर्णायक पुरावा हवा होता. तो वडोदरा संस्थानात मिळाला.

वडोदरा शहरापासून सुमारे सहा मैलांवर उंडेरा हे खेडे आहे. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीत आले असून त्याच्या आसपास उद्योगांची वस्ती झाली आहे. १८९८ च्या आरंभी तेथे प्लेग शिरला होता. फेब्रुवारीत हाफकिन तेथे गेले. गावाची शिरगणती करण्यात आली. ब्रिटिश व संस्थानी अधिकाऱ्यांच्या समक्ष एकेक कुटुंब समोर आणून, त्या कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली व निम्म्यांना टोचण्यात आली नाही. दोन्ही बाजूंस स्त्रिया, पुरुष, मुले, सशक्त व अशक्त सारख्या प्रमाणात राहतील अशी दक्षता घेतली गेली. एकाच छपराखाली, एकाच अन्नावर, एकाच हवेत राहणारी माणसे असल्यामुळे फरक पडला तर तो लसीमुळेच पडला असे म्हणता यावे, हा यामागील हेतू होता.

पुढील ४२ दिवसांत २८ कुटुंबांत प्लेग उद्भवला. त्या कुटुंबांतील हिशेब असा :

लस टोचलेली माणसे : ७१. त्यांपैकी आजारी ८, मृत्यू ३.
लस न टोचलेली माणसे : ६४. त्यांपैकी आजारी २७, मृत्यू २६.

मृत्यूचे प्रमाण लस घेतलेल्यांत शेकडा सुमारे ४ आणि न घेतलेल्यांत शेकडा सुमारे ४१ पडले. म्हणजे लसीमुळे मृत्यूचे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी घटले. पुढे लसीच्या प्रसारासाठी या आकड्यांचा फार मोठा उपयोग झाला. रोगप्रतिबंधक उपायाची परीक्षा तुलनेने कशी करावी, याचे हे एक आरंभीचे उदाहरण म्हणून आरोग्यशास्त्राच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या हिशेबाची दुसरी बाजू

आकड्यांचा हा विजय वाचताना एक क्षण थांबले पाहिजे. ६४ पैकी २६ माणसे मृत्यू पावली. ही माणसे कोण होती? ती लस नाकारणारी, हट्टी किंवा अज्ञानी माणसे नव्हती. एका घरातील कोणास टोचावे व कोणास टोचू नये, याची विभागणी बाहेरून आलेल्यांनी केली आणि ती माणसे दुसऱ्या बाजूस राहिली. कोणा घरात भावांपैकी एक या बाजूस आणि एक त्या बाजूस आला असेल. आई वाचली व मूल गेले किंवा मूल वाचले व आई गेली, अशी घरे असली तर त्यात नवल नाही. लाखो लोकांना पुढे जो लाभ झाला, त्याची किंमत या घरांनी भरली.

त्या काळी लस निश्चितपणे उपयोगी आहे हे सिद्ध झालेले नव्हते; ते सिद्ध करणे हाच उद्देश होता. शिवाय लस टोचून घेण्यातही धोका वाटत होताच. म्हणून हाफकिन यांच्यावर निष्ठुरतेचा आरोप करणे न्याय्य होणार नाही. परंतु आजचे नियम अशा प्रयोगास परवानगी देणार नाहीत, हेही स्पष्ट आहे. १९४७ चे न्यूरेंबर्ग येथील तत्त्व, १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा आणि आपल्या देशातील २०१९ चे नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम यांनुसार प्रत्येक व्यक्तीस धोका समजावून सांगणे, तिची मुक्त संमती घेणे आणि कोणत्याही टप्प्यावर नकार देण्याचा तिचा अधिकार मानणे बंधनकारक आहे.

उंडेरा येथे व्यक्ती आणि समाज यांचा प्रश्न अशा रीतीने उघडा पडतो. समाजाचे हित खरे होते. व्यक्तींचे बलिदानही तितकेच खरे होते. समाजाचे हित साधले म्हणून व्यक्तीचे देणे फिटत नाही. सार्वजनिक जबाबदारी या शब्दाचा अर्थ आपण सामान्यतः नागरिकाची समाजाविषयीची जबाबदारी असा करतो. तो अर्धा अर्थ आहे. जो समाज व जे शासन एखाद्यास सर्वांसाठी काही सोसावयास सांगते, त्याच्यावर त्या सोसणाऱ्याची जबाबदारी येते, हा उरलेला अर्धा अर्थ होय. निर्बंध घालताना शासनाने नागरिकास चार गोष्टी देणे लागते असे या लेखाचे म्हणणे आहे : सत्य, सोय, सन्मान आणि मुदत. त्यांचा आता क्रमाने विचार करू.

पहिले देणे : सत्य

उंडेऱ्यानंतर साडेचार वर्षांनी, ऑक्टोबर १९०२ मध्ये, पंजाब प्रांतातील मलकोवाल येथे हाफकिन यांची लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. हाफकिन यांना कामावरून दूर व्हावे लागले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेत उत्पन्न झाला होता हे सिद्ध झाले नाही, आणि शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांमुळे १९०७ मध्ये त्यांच्यावरील ठपका दूर झाला. परळच्या त्याच प्रयोगशाळेस १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव मिळाले. एका बाटलीमुळे हजारो बाटल्यांवरील विश्वास ढळतो, हे यावरून दिसते. म्हणून दुष्परिणाम लपवू नयेत. ते नोंदवावेत, तपासावेत व जाहीर करावेत. लपवलेली एक घटना शंभर खऱ्या विधानांचे मोल घालवते.

सत्याच्या अभावी काय होते, हे वडोदऱ्याच्या दक्षिणेस असलेल्या सुरत शहराने सप्टेंबर १९९४ मध्ये पाहिले. प्लेगची वार्ता पसरताच थोड्या दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. त्यांत अनेक खाजगी वैद्यकीय व्यावसायिकही होते. वास्तविक टेट्रासायक्लिनसारख्या औषधाने प्लेग बरा होऊ शकतो. परंतु खरी माहिती पोहोचण्यापूर्वी अफवा पोहोचली. जीव वाचवण्यासाठी पळणाऱ्यास दोष देणे सोपे आहे. पण ज्यास विश्वासार्ह माहिती मिळालेली नाही त्याच्याकडून जबाबदार वर्तनाची अपेक्षा कशी करावी?

दुसरे देणे : सोय

वडोदऱ्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १८९३ साली अमरेली भागातील काही गावांत प्रयोग करून १९०६ साली ते संपूर्ण संस्थानात लागू केले. या सक्तीचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रथम लहान क्षेत्रात अनुभव, नंतर शाळांची सोय, आणि मग सर्वत्र सक्ती. जेथे शाळाच नाही तेथे मुलास शाळेत न पाठवण्याबद्दल दंड करणे हा अन्यायच झाला असता.

हाच नियम साथीस लागू पडतो. वारंवार हात धुवा असे सांगावयाचे तर नळास पाणी हवे. अंतर ठेवा असे सांगावयाचे तर एका खोलीत सात माणसे राहणाऱ्या घराचा विचार हवा. घरी राहा असे सांगावयाचे तर रोजच्या मजुरीवर चूल पेटणाऱ्या घरात धान्य हवे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही उद्योगप्रधान राज्यांतील परप्रांतीय मजुरांचे हाल त्या वेळी सर्वांनी पाहिले. त्यांच्यासाठी विशेष श्रमिक गाड्या सुरू झाल्या त्या १ मे २०२० पासून. जे पायी निघाले त्यांनी नियम मोडला, असे कागदावर म्हणता येईल. परंतु तो नियम पाळण्याची ऐपत त्यांच्यापाशी होती काय, हा प्रश्न नियम करणाऱ्याने आधी विचारावयास हवा. तोच निर्बंध मोठ्या घरातील माणसास गैरसोय वाटतो आणि झोपडीतील माणसास उपासमार होतो. समान नियमाचा बोजा समान नसतो.

तिसरे देणे : सन्मान

विलगीकरण आणि वाळीत टाकणे यांत फार मोठा फरक आहे; पण वागण्यात तो फरक सहज पुसला जातो. ज्या समाजात अंतर ठेवण्याच्या कल्पनेला शिवाशिवीचा इतिहास आहे, तेथे तर अधिकच काळजी घ्यावी लागते. वडोदरा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली परदेशी गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली नोकरीसाठी वडोदऱ्यास आले, तेव्हा इतक्या विद्वान माणसास त्या शहरात राहावयास जागा मिळू शकली नाही. तेथे रोग नव्हता. होता तो केवळ बहिष्कार. शतकानंतर साथीच्या काळात देशात अनेक ठिकाणी रोग्यांना, त्यांच्या कुटुंबीयांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनाही घर खाली करावयास सांगितले गेले. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ले रोखण्यासाठी २२ एप्रिल २०२० रोजी १८९७ च्या कायद्यात वटहुकमाद्वारे दुरुस्ती करावी लागली, ही गोष्ट समाज म्हणून आपणास अंतर्मुख करणारी आहे.

संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी स्वातंत्र्य, समता व बंधुता यांना परस्परांपासून वेगळे करता येत नाही, असे प्रतिपादन केले होते. साथीत या विचाराची प्रचीती येते. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य म्हणजे माझे मी पाहीन एवढाच अर्थ उरतो आणि जबाबदारी म्हणजे केवळ दंडुक्याची भीती उरते.

बंधुतेची उदाहरणेही त्याच शहराने दिली. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट तीव्र झाली आणि रुग्णालयांतील खाटा अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा वडोदऱ्यातील जहांगीरपुरा येथील मशिदीत रोग्यांसाठी खाटा मांडण्यात आल्या आणि अटलादरा येथील स्वामिनारायण मंदिराच्या सभागृहातही उपचार केंद्र उभे राहिले. ज्या प्रार्थनास्थळांवर निर्बंध आले होते, त्यांनीच आपली जागा सर्वांसाठी खुली केली.

चौथे देणे : मुदत व मर्यादा

आपल्या संविधानाने या प्रश्नाचे उत्तर समतोलाने दिले आहे. अनुच्छेद १९ देशात सर्वत्र संचार करण्याचे स्वातंत्र्य देतो आणि सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही ठेवतो. अनुच्छेद २५ धर्मस्वातंत्र्य देताना ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन ठेवतो. अनुच्छेद २१ जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याचे रक्षण करतो. अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानतो. अनुच्छेद ५१-अ मधील मूलभूत कर्तव्यांत विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन व शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. या सर्वांत कळीचा शब्द ‘वाजवी’ हा आहे.

वाजवी म्हणजे काय, याचे मार्गदर्शन सर्वोच्च न्यायालयाच्या २ मे २०२२ च्या निकालातून मिळते. शरीराची स्वायत्तता अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याने कोणासही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याचबरोबर सार्वजनिक आरोग्यासाठी शासन व्यक्तीच्या अधिकारांवर मर्यादा घालू शकते, मात्र त्या धोक्याच्या प्रमाणात असल्या पाहिजेत, असेही सांगितले. लस न घेतलेल्या व्यक्तीपासून लस घेतलेल्यांपेक्षा अधिक प्रसार होतो असे दाखवणारी माहिती न्यायालयापुढे आली नव्हती. म्हणून लस न घेतलेल्यांवर त्या वेळी असलेले निर्बंध प्रमाणबद्ध म्हणता येत नाहीत, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. लसीचे दुष्परिणाम लोकांपुढे मांडण्यावरही भर दिला. या निकालाने लसीचे महत्त्व कमी केले नाही. कोविडच्या लसीने गंभीर आजार व मृत्यू यांपासून मोठे संरक्षण दिले. फक्त तिचा आधार घेऊन दुसऱ्यावर सक्ती करावयाची असेल, तर त्या सक्तीने दुसऱ्याचे संरक्षण खरोखर होते काय, हे दाखवावे लागेल, इतकेच न्यायालयाने सांगितले.

पुरावा बदलला की निर्बंधही बदलला पाहिजे. ज्या आदेशात तो केव्हा संपणार व केव्हा तपासला जाणार हे लिहिलेले नसते, तो आदेश साथ ओसरल्यावरही रेंगाळतो, आणि लोक मग पुढील साथीतला आवश्यक आदेशही मानीत नाहीत.

नागरिकाचे देणे

शासनाच्या चार देण्यांचा विचार केला म्हणून नागरिकाचे देणे कमी होत नाही. लक्षणे लपवू नयेत. आजारी असता गर्दीत जाऊ नये. खात्री नसलेली वार्ता पुढे धाडू नये. रोग्यास व त्याच्या कुटुंबास अन्नपाणी व धीर द्यावा. हे सारे कायदा नसला तरी करावयाचे आहे. कारण आपले दुर्लक्ष कोणत्या घरात जाऊन पोहोचेल हे आपणास दिसत नाही. लस घेण्यास धजत नसलेल्या माणसासही आपला निर्णय स्वतः घेण्याचा अधिकार आहे. मात्र त्या निर्णयामुळे घरातील वृद्ध, गरोदर स्त्री किंवा दीर्घ आजारी व्यक्ती यांना धोका वाढू नये म्हणून अधिक जपण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. स्वातंत्र्य वापरणाऱ्याने त्याचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकू नये.

समारोप

पुण्यात सक्ती होती, विश्वास नव्हता. तेथे रोगी लपले. उंडेऱ्यात पुरावा मिळाला, पण त्याची किंमत ज्यांनी भरली त्यांची दखल आकड्यापलीकडे राहिली नाही. या दोन गावांच्या अनुभवावरून घ्यावयाचा बोध असा की, साथीत स्वातंत्र्य आणि जबाबदारी ही दोन पारडी नसून दोघांमधील करार आहे. नागरिक आपल्या स्वातंत्र्याचा काही भाग काही काळ समाजाकडे ठेव म्हणून ठेवतो. ठेव घेणाऱ्याने ती का घेतली हे खरे सांगावे, ठेवणाऱ्याच्या पोटाची सोय पाहावी, त्याचा मान राखावा आणि ठरल्या वेळी ती परत करावी.

घरोघर जाऊन चौकशी करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात हा करार रोज असतो. त्याच्या वहीत जे आकडे भरले जातात, ते एका घरातील एकेका माणसाचे असतात. उंडेऱ्याच्या २६ माणसांची आठवण त्या वहीच्या पहिल्या पानावर असावी.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मधुमेह आणि कोविड-१९ या दोन आजारांत व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न वेगळा का ठरतो? स्थानिक उदाहरण देऊन स्पष्ट करा.

२. १८९७ च्या पुणे येथील उपायांत शास्त्रीय ज्ञानाची कोणती उणीव होती? ज्ञान अपुरे असताना शासनाने निर्णय कसा घ्यावा?

३. उंडेरा येथील आकड्यांवरून लस घेतलेल्या व न घेतलेल्या व्यक्तींतील आजाराचे शेकडा प्रमाण काढा. हे आकडे गावकऱ्यांपुढे मांडताना आपण कोणती भाषा वापराल?

४. आपल्या कार्यक्षेत्रातील एखादा जुना निर्बंध आठवा. तो सत्य, सोय, सन्मान आणि मुदत या चार कसोट्यांवर तपासा.

५. घरातील आजारी व्यक्तीची माहिती देण्यास एक कुटुंब नकार देत आहे. कायद्याचा आधार घेण्यापूर्वी आपण कोणती पावले उचलाल? गटात चर्चा करा.